‘बाबेल’ दुसऱ्यांदा वाचताना: चांदी, तळटीपा आणि लेटी

रिबेका क्वांग यांची ‘बाबेल’ ही इंग्रजी कादंबरी २०२२ साली प्रसिद्ध झाली, त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट कादंबरीचा नेब्युला पुरस्कार तिला मिळाला, आणि ‘डार्क अकॅडेमिया’ प्रकारातील कादंबऱ्यांचा विषय निघाला की तिचे नाव आता हमखास घेतले जाते. जुने विद्यापीठ, दगडी जिने, मेणबत्तीच्या उजेडात चाललेला अभ्यास, निवडक विद्यार्थ्यांचा जिवलग कंपू आणि या सगळ्याच्या तळाशी दडलेला एखादा गुन्हा, ही या प्रकाराची ठरलेली सामग्री ‘बाबेल’मध्ये पुरेपूर आहे. पहिल्या वाचनात आपण नायक रॉबिन स्विफ्टच्या डोळ्यांनी १८३०च्या दशकातील ऑक्सफर्ड पाहतो आणि त्याच्याइतकेच भुलतो. दुसऱ्या वाचनाचे काम म्हणजे या भुलीचा खर्च कोणाच्या नावावर पडला ते शोधणे; आणि ते काम पद्धतशीरपणे केले, तर पहिल्या खेपेस नुसतीच दुःखद वाटलेली ही कादंबरी किती काटेकोरपणे रचलेली आहे हे ध्यानात येते. पुढील मजकुरात कथानकातील सर्व रहस्ये उघड केलेली आहेत, त्यामुळे कादंबरी एकदाही न वाचलेल्यांनी येथेच थांबलेले बरे.

पुस्तक उघडण्यापूर्वी

दोन वाचनांमध्ये काही महिन्यांचे तरी अंतर असावे, कारण शेवट अगदी ताजा असला की नजर ओळींवरून नुसती घसरत जाते. पुस्तक हातात घेण्याआधी एका कोऱ्या पानावर, काहीही न चाळता, आठवेल तेवढे लिहून काढावे. रॉबिनची आई कशी गेली, रामीला कोणी आणि कोणत्या क्षणी मारले, शेवटचा निर्णय तेव्हा पटला होता का, आणि रॉबिन, रामी, व्हिक्टोआर व लेटी या चौघा मित्रांपैकी कोणाविषयी आपल्याला सर्वांत कमी आठवते, या चार प्रश्नांची उत्तरे त्यात अवश्य असावीत. माझा अंदाज असा की, व्हिक्टोआरबद्दल बहुतेकांना दोन ओळींपलीकडे लिहिता येणार नाही. ते पान घडी घालून बाजूला ठेवावे. त्याचे काम अगदी शेवटी आहे.

शक्यतो छापील प्रत घ्यावी. या कादंबरीत तळटीपा पुष्कळ आहेत आणि छापील पानावर त्या मजकुराखालीच दिसतात. ई-पुस्तकात प्रत्येक वेळी आकड्यावर बोट ठेवावे लागते आणि कंटाळून दहाव्या पानानंतर आपण ते सोडून देतो. श्राव्य आवृत्तीत तळटीपा वेगळ्या आवाजात वाचलेल्या आहेत, ही सोय चांगली आहे, पण दुसऱ्या वाचनात मागेपुढे जावे लागते आणि ते ऐकताना जमत नाही. पेन्सिल, एक साधी वही आणि पानांना लावायच्या दोन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या एवढे साहित्य पुरे. कादंबरी साडेपाचशे पानांच्या आसपास आहे, तिचे पाच भाग आणि एक उपसंहार आहे. प्रत्येक भागाला समान वेळ देण्याचे कारण नाही: पहिला भाग छोटा असूनही त्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा, आणि मधल्या भागांतील परीक्षांची तयारी, जेवणावळी व गमतीजमती निवांतपणे, पण न रेंगाळता वाचाव्यात.

पहिला भाग दोनदा वाचावा

पहिले प्रकरण आधी सलग वाचावे आणि लगेच पुन्हा, या वेळी प्रत्येक कृतीपुढे ‘आताच का?’ असा प्रश्न ठेवून. कँटनमध्ये पटकीची साथ आहे, घरातील सगळे गेले आहेत, एक मुलगा तेवढा शिल्लक आहे आणि प्राध्यापक लव्हेल हाती चांदीची पट्टी घेऊन दारात उभे आहेत. पट्टीवर दोन शब्द कोरलेले आहेत, लव्हेल ते उच्चारतात आणि मुलगा वाचतो. पहिल्या वाचनात हा चमत्कार वाटतो. दुसऱ्या वाचनात आपल्याला माहीत असते की हे गृहस्थ त्या मुलाचे जन्मदाते आहेत, त्यांना पत्ता आधीपासून ठाऊक होता, आणि तीच पट्टी आईच्या छातीवरही ठेवता आली असती. त्या दृष्टीने पाहिले की लव्हेल यांचा शांत, कामापुरता बोलणारा स्वर अंगावर येतो. लेखिकेने तेथे एकही जादा विशेषण वापरलेले नाही.

त्याच प्रकरणात आणखी एक गोष्ट हळूच सांगितली आहे, जी पहिल्या खेपेस कोणाच्याही लक्षात राहत नाही. रॉबिनच्या गरीब घरात एक इंग्रज बाई वर्षानुवर्षे राहत होती आणि विलायतेहून त्याच्यासाठी पुस्तके येत असत. हा खर्च कोण करत होते आणि कशासाठी, याचे उत्तर ऑक्सफर्डमधील सुरुवातीच्या एका रात्रीपासून मिळू लागते, म्हणून येथे खूण करून थेट त्या रात्रीच्या प्रसंगाकडे जावे. अंधाऱ्या रस्त्यात तिघे चोर सांडलेली चांदी गोळा करत आहेत, त्यांच्यातील एक जण हुबेहूब रॉबिनसारखा दिसतो, आणि तो ‘वूशिंग’ हा चिनी शब्द पुन्हा पुन्हा उच्चारूनही पट्टी काम करत नाही. रॉबिन तोच शब्द उच्चारतो आणि सगळे अदृश्य होतात. चोर म्हणजे ग्रिफिन, रॉबिनचा सावत्र भाऊ. त्याला फार लहानपणी चीनमधून आणले गेले आणि त्याची चिनी भाषा पुसली गेली. पहिल्या मुलावरचा ‘प्रयोग’ फसला म्हणून दुसऱ्याला आईपाशी जास्त काळ ठेवले गेले, इंग्रजीसाठी बाई नेमली गेली, आणि भाषा पक्की झाल्यावरच त्याला उचलले गेले. ही दोन पाने शेजारी ठेवून वाचली की रॉबिनचे सगळे बालपण ही एक गुंतवणूक होती हे उलगडते, आणि मग पुढच्या चारशे पानांतील प्रत्येक शिष्यवृत्ती व प्रत्येक शाबासकी वेगळी दिसू लागते.

लव्हेल यांच्या हॅम्पस्टेडच्या घरातील मारहाणीचा प्रसंगही सावकाश वाचावा. रॉबिन नव्या कादंबरीत रंगून शिकवणी विसरतो, लव्हेल त्याला बेदम मारतात आणि आळस हा त्याच्या वंशाचा दोष असल्याचे त्याला सुनावतात. यातील भयंकर गोष्ट माराच्या नंतर येते: घरातील कोणीही त्या जखमांबद्दल अवाक्षर काढत नाही आणि दिनक्रम जसाच्या तसा चालू राहतो. या मौनापाशी पहिल्या रंगाची चिठ्ठी लावावी. पुढे कोणी भला माणूस गप्प बसलेला दिसेल तेथे तेथे हाच रंग वापरावा. शेवटच्या भागापर्यंत पोहोचेतो पुस्तकाची कड त्या रंगाने भरलेली असेल.

चांदीची खातेवही

या कादंबरीतील जादू साधी आहे. एका भाषेतील शब्द आणि दुसऱ्या भाषेतील त्याचा प्रतिशब्द चांदीच्या पट्टीच्या दोन बाजूंना कोरायचे. भाषांतरात जो अर्थ निसटतो तो प्रत्यक्षात उतरतो. मात्र दोन्ही भाषांत विचार करू शकणाऱ्या माणसाने ते शब्द उच्चारले तरच पट्टी काम करते. वहीत तीन रकाने आखावेत: शब्दांची जोडी, तिचा परिणाम आणि तिचा लाभ कोणाला झाला. पहिल्या दोन रकान्यांत मौज आहे. तिसरा रकाना भरू लागला की कादंबरीचे अर्थशास्त्र समोर येते. बहुतेक पट्ट्या श्रीमंतांच्या गाड्या न हलता चालाव्यात, बागा टवटवीत राहाव्यात, जहाजे वेगाने जावीत, कारखान्यांत माणसे कमी लागावीत यासाठी आहेत. ज्या देशांतून भाषा आणि मुले आणली, त्या देशांच्या नावे तिसऱ्या रकान्यात जवळजवळ काहीच जमा होत नाही.

या वहीत दोन नियमांची स्वतंत्र नोंद करावी. एक असा की युरोपीय भाषा एकमेकींत मिसळत गेल्या तसतशी त्यांच्या जोड्यांची ताकद घटत गेली, म्हणून बाबेलला, म्हणजे ऑक्सफर्डमधील भाषांतरसंस्थेच्या मनोऱ्याला, आता चिनी, उर्दू, हैतीची क्रेयॉल अशा दूरच्या भाषा हव्या आहेत. म्हणजे रॉबिन, रामी आणि व्हिक्टोआर यांना प्रवेश मिळाला तो औदार्यामुळे नव्हे, कच्चा माल संपत आल्यामुळे. दुसरा नियम असा की दूरवरच्या पट्ट्या मनोऱ्यातील यंत्रणेशी जोडलेल्या असून त्यांची देखभाल तेथूनच चालते. पहिल्या वाचनात हा तपशील तांत्रिक म्हणून आपण सोडून देतो, आणि मग संपाच्या वेळी वेस्टमिन्स्टरचा पूल कोसळतो तेव्हा दचकतो. दुसऱ्या वाचनात तो पूल कोसळण्याची तजवीज शेकडो पाने आधीच झालेली दिसते. मनोऱ्याच्या संरक्षणासाठी नव्या विद्यार्थ्यांचे रक्त घेऊन साठवले जाते, तेही येथेच टिपावे. त्या दिवशीचा त्यांचा आनंद पाहता हा तपशील किती सहज निसटतो!

खातेवही लिहिताना एक कच्चा दुवाही हाती लागेल आणि तो झाकू नये. चांदीची ही विद्या शतकानुशतके चालू असेल, तर इतिहास आपल्या ओळखीच्या वाटेनेच कसा गेला, राजे तेच, युद्धे तीच, वर्षेही तीच कशी, या प्रश्नाला कादंबरीत समाधानकारक उत्तर नाही. माझ्या मते लेखिकेने ही तडजोड जाणूनबुजून केली आहे, कारण तिला खऱ्या साम्राज्याविषयी बोलायचे आहे. पण कल्पित जगाच्या तर्कावर जीव असलेल्या वाचकाला ती खटकणारच.

तळटीपा एका बैठकीत

दुसरा भाग संपल्यावर तेथपर्यंतच्या सर्व तळटीपा, मुख्य मजकूर न वाचता, एकापाठोपाठ एक वाचाव्यात. असे केल्याने तो आवाज वेगळा ऐकू येतो. रॉबिनला जे ठाऊक नाही ते या आवाजाला ठाऊक आहे. रॉबिन एखाद्या प्राध्यापकावर भाळलेला असताना खाली बारीक अक्षरात त्याची लबाडी उघड केलेली असते. काही टिपा व्युत्पत्तीच्या आहेत, काही खऱ्या इतिहासाच्या, काही पूर्णतः कल्पित आणि तरीही तितक्याच गंभीर चेहऱ्याने सांगितलेल्या. वहीत त्यांची अशी तीन गटांत विभागणी करून पाहावी. काही ठिकाणी हा आवाज वाचकावर विश्वास न ठेवता जे प्रसंगातून कळलेच आहे ते पुन्हा बजावतो, आणि तेथे कादंबरी थोडी शिकवणीसारखी होते, हेही मान्य करावे लागेल.

एका पात्राचा पाठलाग: लेटी

माझ्या दृष्टीने दुसऱ्या वाचनाचा गाभा येथे आहे. लेटी प्राइस ही चौघांतील एकमेव इंग्रज, आरमारी अधिकाऱ्याची मुलगी. ऑक्सफर्डमध्ये तिचा भाऊ शिकत होता, तो गेला म्हणून तिला संधी मिळाली. शेवटी ती मित्रांना पकडून देते आणि रामीवर गोळी झाडते. पहिल्या वाचनानंतर तिच्याबद्दल संताप उरतो आणि संताप हा वाचनाचा फार वाईट सोबती आहे. म्हणून दुसऱ्या रंगाच्या चिठ्ठ्या फक्त तिच्यासाठी राखून ठेवाव्यात आणि ती ज्या ज्या संभाषणात आहे तेथे दोन गोष्टी पाहाव्यात: ती काय बोलली, आणि तिच्यासमोर इतरांनी काय बोलायचे टाळले.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. रामी आणि व्हिक्टोआर दोघेही हर्मीस या, बाबेलची चांदी चोरणाऱ्या गुप्त संघटनेत आहेत आणि रॉबिनला त्याचा पत्ता नाही; त्यांच्या उशिरा येण्याच्या, अचानक निघून जाण्याच्या, डोळे चुकवण्याच्या खुणा आता स्पष्ट दिसतील. रॉबिनही आपले रहस्य त्यांच्यापासून लपवतो. म्हणजे जिच्यापाशी लपवण्यासारखे काहीच नव्हते अशी या कंपूत लेटी एकटीच होती. याने तिचा गुन्हा हलका होत नाही. मात्र चौघांच्या मैत्रीचे जे सोनेरी चित्र रॉबिन रंगवतो, ते रंगवताना त्याला स्वतःलाही अर्धीच माहिती होती, हे येथे कळते.

नृत्यसमारंभाची रात्र या पाठलागातील सर्वांत भरीव जागा आहे. लेटीला रामीविषयी वाटणारी ओढ, रामीचा नकार आणि त्यामागची कारणे, त्याच रात्री इतर विद्यार्थ्यांनी व्हिक्टोआरला दिलेला त्रास, आणि रॉबिनचे रामीकडे पाहणे, जे तो स्वतःशीही नीट कबूल करत नाही. हे सर्व एकाच गर्दीत घडते. लेटीला त्या रात्री फक्त स्वतःचा अपमान दिसतो. तिला स्त्री म्हणून आलेले अडथळे खरे आहेत. त्या जोरावर आपल्याला बाकी तिघांचेही दुःख कळते असे ती मानते, हा तिचा घात. तिच्यावरील स्वतंत्र छोटे प्रकरण या नोंदी हाताशी ठेवून वाचावे. मग व्हिक्टोआरसाठी हाच उद्योग पुन्हा करावा आणि तिच्या वाट्याला किती कमी वाक्ये आली आहेत ते पाहावे. कथा रॉबिनच्या बाजूने सांगितली जाते आणि रॉबिनने तिला कधी फारसे विचारलेच नाही.

खरा इतिहास शेजारी ठेवून

कँटनची प्रकरणे सुरू करण्याआधी एका पानावर खरी कालरेषा काढावी. ब्रिटनला चिनी चहा हवा होता आणि त्यासाठी चांदी मोजावी लागे. तो ओघ उलटवण्यासाठी हिंदुस्थानातील अफू चीनमध्ये नेली गेली. १८३९ साली लिन झेशू या चिनी अधिकाऱ्याने वीस हजारांहून अधिक पेट्या अफू जप्त करून नष्ट केली, एप्रिल १८४० मध्ये ब्रिटिश संसदेत चीनविषयक धोरणावरून आलेला सरकारविरोधी ठराव २६२ विरुद्ध २७१ अशा अवघ्या नऊ मतांनी पडला, आणि १८४२ साली नानकिंगच्या तहाने हाँगकाँग ब्रिटिशांकडे गेले. कादंबरीत लिन झेशू येतो, जार्डिनच्या व्यापारी पेढीचे लोक येतात, गुट्सलाफ हा मिशनरी दुभाषाही येतो. ही सगळी माणसे खऱ्या इतिहासातील आहेत.

मराठी वाचकासाठी ही कालरेषा परकी नाही. माळव्याची अफू मुंबई बंदरातून, आणि पोर्तुगीजांच्या ताब्यातील दमणमधूनही, चीनकडे जात असे. जार्डिन मॅथेसन यांचे मुंबईतील मोठे भागीदार जमशेटजी जीजीभाई होते. नानकिंगचा तह झाला त्याच १८४२ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला, आणि ज्यांच्या दानाची खूण जे. जे. रुग्णालयाच्या नावात आजही आहे त्यांच्या संपत्तीत या व्यापाराचा वाटा होता. कँटनची प्रकरणे वाचताना गोदामातील त्या पेट्यांपैकी कित्येक कोठून निघाल्या असतील हे मनात असले, की लांबच्या बंदरातील गोष्ट एकदम ओळखीची होते.

ऑक्सफर्डच्या बाबतीतही असेच. तेथील संस्कृतचे बोडेन अध्यासन कंपनीच्या मुंबई सैन्यातील जोसेफ बोडेन या अधिकाऱ्याच्या मृत्युपत्रातील पैशांतून उभे राहिले, आणि हिंदुस्थानी लोकांचे धर्मांतर सुकर व्हावे हा त्यामागचा उघड हेतू होता. १८३२ साली होरेस हेमन विल्सन त्यावर निवडून आले. पुढे १८६० साली निवडून आलेले मोनियर विल्यम्स यांचा जन्म मुंबईचा. रामीवरील छोट्या प्रकरणात कलकत्त्याच्या ज्या साहेबाच्या आश्रयाला त्याचे कुटुंब असते, तो विल्सनच. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालचा, म्हणजे नेमका या कादंबरीच्या दशकातला, आणि त्यामागे राबलेल्या शास्त्रीमंडळींची नावे आज आपल्यापैकी फार थोड्यांना सांगता येतील. बाबेलचा मनोरा कल्पित आहे, पण भाषा गोळा करण्याचा तो उद्योग नाही.

लेखिकेने प्रारंभीच्या टिपणात ऑक्सफर्डबाबत घेतलेल्या सवलती स्वतःच सांगितल्या आहेत. ते टिपण या टप्प्यावर पुन्हा वाचावे. कादंबरीतील व्हिक्टोआर आणि लेटी १८३०च्या दशकातच ऑक्सफर्डमध्ये शिकतात, मात्र त्यांना महाविद्यालयात राहता येत नाही. वास्तवात तेथे स्त्रियांसाठीची पहिली निवासगृहे १८७९ साली उघडली. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ साली त्यांपैकी सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या, १८९२ साली त्यांनी कायद्याची परीक्षा दिली, आणि पदवी मात्र १९२२ साली हाती आली, कारण १९२० पर्यंत विद्यापीठ स्त्रियांना पदव्या देतच नव्हते. व्हिक्टोआरचे शांत राहणे समजून घ्यायला ही तीस वर्षे उपयोगी पडतात.

शेवटचा भाग: कोणाचे म्हणणे तपासले गेले?

कादंबरीचे लांबलचक उपशीर्षक हिंसेच्या अपरिहार्यतेची गोष्ट करते. पहिल्या वाचनात आपण ते निष्कर्ष म्हणून स्वीकारतो. दुसऱ्या वाचनात ते विधान म्हणून तपासावे. वहीच्या नव्या पानावर चार नावे लिहावीत. हर्मीसमधील अँथनीला पत्रके, खासदारांची मने वळवणे आणि सावध दबाव यांवर भरवसा आहे. ग्रिफिनला बंदुकीशिवाय काही पटत नाही. रॉबिन सुरुवातीला कोणतीच बाजू घेऊ इच्छित नाही, आणि रामीच्या मृत्यूनंतर ग्रिफिनच्याही पुढे निघून जातो. व्हिक्टोआरला जगायचे आहे आणि जगणे हाही लढा आहे असे ती मानते. प्रत्येकाच्या नावासमोर त्याच्या म्हणण्याला कादंबरीने दिलेली संधी नोंदवावी.

येथे एक अडचण दिसेल. अँथनीची योजना अपयशी ठरत नाही. ती कधी अमलात येतच नाही. हर्मीसच्या जुन्या ग्रंथालयावर छापा पडतो, माणसे मारली जातात आणि योजना कागदावर राहते. हिंसा अपरिहार्य होती हे सिद्ध करायचे तर दुसरा मार्ग खुंटल्याचे दाखवायला हवे होते. कादंबरी तो मार्ग चालूच देत नाही. याला रचनेतील चलाखी म्हणायचे, की सत्ता दुसऱ्या मार्गाला वेळच देत नाही हेच लेखिकेचे म्हणणे आहे असे मानायचे, यावर वाचकाने आपले मत पुराव्यानिशी लिहावे. माझा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे, पण संसदेतील खरे मतदान अवघ्या नऊ मतांनी गेले हे आठवले की तो कल थोडा डळमळतो.

मनोऱ्यातील संपाचे दिवस झपाट्याने वाचले तरी चालतील. मात्र शहरातील साध्या लोकांना होणारा त्रास जेथे जेथे येतो तेथे थांबावे, आणि प्राध्यापकांपैकी कोण आत राहिले व कोण निघून गेले याची यादी करावी. प्राध्यापक चक्रवर्ती यांचा निर्णय पहिल्या वाचनात फार पटकन निघून जातो, तो या खेपेस पूर्ण ऐकावा. उपसंहार व्हिक्टोआरचा आहे. तो वाचण्याआधी तिच्यासाठी केलेल्या नोंदी एकदा नजरेखालून घालाव्यात.

आता घडी घातलेले पान उघडावे आणि जुन्या उत्तरांशेजारी नवी उत्तरे वेगळ्या शाईने लिहावीत. हा उद्योग चार-पाच जणांच्या वाचनगटात केला तर अधिक रंगतो. त्यात कामांची वाटणी अशी करावी की लेटीचा सर्वाधिक राग असलेल्याकडे लेटीच्या नोंदी जातील, इतिहासाची आवड असलेल्याकडे तळटीपा जातील, आणि चांदीची खातेवही हिशेबाची सवय असलेल्या माणसाकडे राहील. चर्चेच्या दिवशी आधी तीच वही वाचायला घ्यावी आणि मते नंतर विचारावीत.